वाढत्या संकेतस्थळासाठी डेटाबेस रचनेचे नियोजन

वाढत्या संकेतस्थळासाठी डेटाबेस रचनेचे नियोजन म्हणजे संकेतस्थळावरील माहिती कोणत्या तक्त्यांत, कोणत्या ओळखक्रमांकांनी आणि कोणत्या परस्परसंबंधांनी साठवायची, तसेच वापर वाढल्यावर ही साठवण कशी विस्तारायची, याचा आधीच केलेला विचार होय. डेटाबेसला मराठीत विदागार असेही म्हणतात. संकेतस्थळाची वाढ दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात नोंदी आणि वापरकर्ते यांची संख्या वाढते. दुसऱ्या प्रकारात माहितीचे विश्वच बदलते: जिल्ह्याचे विभाजन होते, संस्थेचे नाव बदलते, शेतजमिनीच्या एका गटाचे दोन हिस्से पडतात. संख्येतील वाढ बहुधा अधिक क्षमतेचा सर्व्हर घेऊन पेलता येते. मूळ रचनेत बदलाला जागा नसेल, तर मात्र जुन्या नोंदींचा अर्थच बिघडतो. म्हणून चांगल्या नियोजनात ओळख, नाव आणि काळ या तीन बाबी वेगळ्या ठेवण्याला पहिले स्थान दिले जाते.

या लेखात परभणी जिल्ह्यातील बाजारभाव दाखवणाऱ्या एका काल्पनिक संकेतस्थळाचे उदाहरण घेतले आहे. त्यातील आकडे केवळ गणिताच्या सोयीसाठी गृहीत धरलेले आहेत. जिल्ह्याच्या प्रशासकीय इतिहासाचे तपशील मात्र प्रत्यक्षातील आहेत.

पार्श्वभूमी

आजच्या बहुसंख्य डेटाबेसचा पाया असलेले संबंधाधारित प्रतिमान एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञाने आयबीएममध्ये काम करताना १९७० साली मांडले. माहिती तक्त्यांत ठेवावी आणि तिची अंतर्गत मांडणी वापरकर्त्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये, हे त्यामागील सूत्र होते. १९७६ साली पीटर चेन यांनी घटक व संबंध आकृतीत दाखवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसएसक्यूएल या प्रणाली विनामूल्य उपलब्ध झाल्यामुळे लहान संकेतस्थळांनाही ही रचना परवडू लागली. पुढे गूगलने २००६ साली बिगटेबल आणि अॅमेझॉनने २००७ साली डायनॅमो या आपल्या अंतर्गत प्रणालींची माहिती प्रसिद्ध केली. अनेक यंत्रांवर विभागलेल्या, संबंधाधारित नसलेल्या डेटाबेसचा प्रसार त्यानंतर झपाट्याने झाला.

कागदी दप्तरातील पूर्वरूप

डेटाबेस रचनेतील अनेक तत्त्वे महाराष्ट्राच्या महसुली दप्तरात संगणकापूर्वीपासून दिसतात. सातबारा हा उतारा गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा मिळून बनतो. नमुना ७ मध्ये जमिनीवरील हक्कांची, तर नमुना १२ मध्ये पिकांची नोंद असते. हक्क क्वचित बदलतात आणि पिके दर हंगामात बदलतात. म्हणून दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवून गट क्रमांकाच्या आधारे एकत्र दाखवल्या जातात. डेटाबेसच्या परिभाषेत हे दोन तक्ते आणि त्यांना जोडणारी की होय.

गाव नमुना ८-अ मध्ये खातेदारनिहाय जमीन दिलेली असते. सातबारा गटावरून शोधायचा आणि ८-अ खातेदारावरून. म्हणजे एकाच माहितीकडे जाणाऱ्या या दोन वाटा आहेत. डेटाबेसमधील इंडेक्सचे कार्य याच स्वरूपाचे असते. गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, प्रत्येक बदलाचे कारण आणि तारीख सांगते. फेरफार मंजूर झाल्यावर सातबाऱ्यावरील जुने नाव पुसून टाकत नाहीत. ते कंसात घेतले जाते आणि शेजारी फेरफार क्रमांक लिहिला जातो. मूळ नोंद न मिटवता बदलाची नवी नोंद जोडण्याचे तत्त्व संगणकीय रचनेतही तितकेच महत्त्वाचे आहे.

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उपलब्ध करून देण्यास प्रारंभ झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर राबवण्यात आलेल्या ई-पीक पाहणी उपक्रमात शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद आणि छायाचित्र पाठवू लागले. गावपातळीवर तलाठी भरत असलेल्या नमुना १२ च्या माहितीत असंख्य व्यक्ती थेट भर घालू लागल्याने लेखनाचा भार कसा बदलतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

ओळखक्रमांक आणि नाव

नाव हे ओळखक्रमांक म्हणून वापरू नये, हा रचनेतील मूलभूत नियम आहे. परभणी जिल्ह्याच्या इतिहासावरून त्याचे कारण स्पष्ट होते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला, तेव्हा परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका त्यात गेला. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. परभणी येथील मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ सालची. २०१३ साली त्याच्या नावात वसंतराव नाईक यांचे नाव जोडले गेले. परभणी नगरपरिषदेची २०११ साली महानगरपालिका झाली. परभणी ज्या महसूल विभागात मोडते, त्या औरंगाबाद विभागाचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले.

एखाद्या संकेतस्थळाने प्रत्येक नोंदीत विभागाचे नाव अक्षरशः लिहिले असेल, तर नामांतरानंतर लाखो नोंदी बदलाव्या लागतात. काही नोंदी जुन्या नावाने राहिल्या, तर एकाच विभागाचे दोन विभाग दिसू लागतात. त्याऐवजी विभागाला अर्थहीन क्रमांक देऊन नाव वेगळ्या तक्त्यात ठेवले, तर एकच नोंद बदलून काम भागते. नावाच्या तक्त्यात ‘केव्हापासून’ आणि ‘केव्हापर्यंत’ असे दोन रकाने ठेवल्यास जुन्या कागदपत्रांत जुने नाव आणि नव्या कागदपत्रांत नवे नाव दाखवता येते.

क्रमांक अर्थहीन असावा, यालाही कारण आहे. वाहनांच्या नोंदणीत एमएच-२२ ही खूण परभणीची आणि एमएच-३८ ही हिंगोलीची आहे. अशा अर्थवाही क्रमांकातून नोंदणी कोठे झाली ते कळते. परंतु वाहन किंवा मालक आज कोठे आहे, ते त्यावरून ठरवता येत नाही. याउलट आधार क्रमांक यादृच्छिक असतो आणि त्यात जन्मतारीख, राज्य किंवा अन्य वैयक्तिक तपशील दडलेला नसतो. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आला. त्याच्या बारा अंकांपैकी शेवटचा अंक टंकनातील चूक ओळखण्यासाठी असतो. क्रमांकात अर्थ नसल्यामुळे व्यक्ती स्थलांतरित झाली तरी तो बदलावा लागत नाही.

काळाची नोंद

सीमा बदलणाऱ्या घटकांच्या बाबतीत संबंधालाही काळ जोडावा लागतो. हिंगोली, कळमनुरी किंवा वसमत हे तालुके १९९९ पूर्वी परभणी जिल्ह्यात होते. तालुक्याच्या तक्त्यात जिल्ह्याचा क्रमांक एकाच रकान्यात ठेवून १९९९ साली तो बदलला, तर १९९५ सालची आकडेवारीही हिंगोली जिल्ह्याची म्हणून दिसू लागेल. म्हणून ‘तालुका, जिल्हा, प्रारंभ, समाप्ती’ असा संबंधांचा स्वतंत्र तक्ता करणे श्रेयस्कर ठरते.

याचा परिणाम केवळ तांत्रिक नसतो. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती. १९९१ ची आकडेवारी अविभाजित परभणीची आणि २००१ ची आकडेवारी विभाजनानंतरच्या परभणीची आहे. दोन्ही एका रांगेत ठेवल्यास जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत घटल्याचा भास होतो. अशा आलेखावरून निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याची किंवा अधिकाऱ्याची चूक प्रत्यक्षात तक्त्याच्या रचनेत झालेली असते.

दुरुस्तीच्या नोंदींना हेच तत्त्व लागू पडते. बाजारभावाच्या संकेतस्थळावर सोयाबीनचा दर ५,४०० ऐवजी ४,५०० असा भरला गेला आणि तासाभराने दुरुस्त झाला, असे मानू. जुना आकडा पुसून टाकला, तर त्या तासाभरात दर पाहून माल विकणाऱ्या शेतकऱ्याने काय पाहिले होते, हे नंतर सिद्ध करता येत नाही. फेरफार नोंदवहीप्रमाणे जुना आकडा, नवा आकडा, बदलाची वेळ आणि बदल करणारी व्यक्ती यांची नोंद ठेवल्यास तक्रारीचा निवाडा शक्य होतो.

मराठी मजकुराची साठवण

मराठी संकेतस्थळाच्या नियोजनात देवनागरीचा विचार सुरुवातीलाच करावा लागतो. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘परभणी’ या शब्दात चार अक्षरचिन्हे आणि एक वेलांटी अशी पाच चिन्हे असल्याने तो १५ बाइट व्यापतो. रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत इंग्रजी नावांच्या अंदाजाने मर्यादा घातली, तर मराठी नावे अर्धवट कापली जातात.

शोधाची अडचण याहून सूक्ष्म असते. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ अशा शब्दांतील अर्धा र संगणकावर दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. डेटाबेसला मात्र ती भिन्न वाटतात. गावांच्या नावांतही ऱ्हस्व-दीर्घाचे भेद आढळतात, जसे जिंतूर आणि जिंतुर. त्यामुळे मजकूर साठवण्यापूर्वी त्याचे एकरूपीकरण करणे आणि पर्यायी लेखनाचा वेगळा तक्ता ठेवणे उपयुक्त ठरते. रक्कम दशांशाच्या नेमक्या प्रकारात किंवा पूर्णांक पैशांत ठेवावी. अंदाजी दशांश प्रकारात बेरजेला सूक्ष्म चुका होतात. शेतमालाच्या नोंदीत परिमाणाचा रकाना स्वतंत्र हवा. धान्याचा दर क्विंटलवर असतो, तर काही भाज्यांचा नगावर किंवा शेकड्यावर.

वाढीचा अंदाज

वाढीचा अंदाज एकूण माहितीचा न करता प्रत्येक तक्त्याचा स्वतंत्रपणे करतात. काही तक्ते जवळजवळ स्थिर असतात; परभणी जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, जिंतूर, मानवत, पालम, पाथरी, पूर्णा, सेलू आणि सोनपेठ असे नऊ तालुके आहेत, आणि हा तक्ता वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो. काही तक्ते दिवसागणिक वाढतात, तर काही वापरकर्त्यांच्या संख्येबरोबर.

काल्पनिक संकेतस्थळावर १० बाजार, प्रत्येक बाजारात ३० शेतमाल आणि वर्षाला ३०० कामकाजाचे दिवस गृहीत धरल्यास वर्षाला ९०,००० दरनोंदी होतात. एका नोंदीस इंडेक्ससह २०० बाइट लागले, तर ही साठवण सुमारे १८ मेगाबाइट भरते. संकेतस्थळ राज्यभर पसरून बाजारांची संख्या ३०० झाली, तरी वर्षाला २७ लाख नोंदी आणि ५४० मेगाबाइट एवढीच साठवण लागते. दहा वर्षांची सारी माहिती ५.४ गीगाबाइटमध्ये, म्हणजे एका साधारण सर्व्हरवर सहज मावते.

आता याच संकेतस्थळाने एक लाख सदस्यांना रोज एक दरसूचना पाठवली आणि प्रत्येक सूचनेची नोंद ठेवली, तर वर्षाला तीन कोटी नोंदी होतात. त्याच हिशेबाने त्यांना ६ गीगाबाइट जागा लागते. म्हणजे संकेतस्थळाचे मुख्य काम असलेल्या राज्यभराच्या दरांपेक्षा दुय्यम सूचनांचा तक्ता अकरा पटींनी मोठा ठरतो. असे तक्ते आधी ओळखून ते वेगळे ठेवणे आणि ठरावीक मुदतीनंतर जुन्या नोंदी काढून टाकणे हा नियोजनाचा भाग आहे.

भाराचा अंदाज सरासरीवर न करता गर्दीच्या क्षणावर करतात. ५०,००० व्यक्तींनी सायंकाळच्या एका तासात दर पाहिले, तर सेकंदाला सुमारे १४ भेटी होतात. त्याच व्यक्ती पाच मिनिटांत आल्या, तर सेकंदाला १६७. अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी सरकारी सेवांवर होणारी गर्दी याच प्रकारची असते.

विस्ताराच्या पायऱ्या

भार वाढल्यावर उपाय कोणत्या क्रमाने करावेत, याविषयी व्यवहारात बऱ्यापैकी एकमत आहे. प्रत्येक पुढची पायरी अधिक खर्चिक आणि मागे घेण्यास अधिक अवघड असते. म्हणून संथ चालणाऱ्या प्रश्नांची नोंद ठेवून, मोजमाप करूनच पुढची पायरी चढली जाते.

इंडेक्स: बी-ट्री या रचनेत एका पानावर ३०० नोंदी मावतात असे धरल्यास तीन पातळ्यांत २ कोटी ७० लाख नोंदींपर्यंत पोहोचता येते. इंडेक्स नसेल, तर एका दरासाठी सारा तक्ता वाचावा लागतो. मात्र प्रत्येक इंडेक्समुळे लेखनाचे काम वाढते. म्हणून प्रत्यक्ष विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपुरतेच इंडेक्स ठेवले जातात. बाजारभावासाठी ‘बाजार, शेतमाल, दिनांक’ असा संयुक्त इंडेक्स स्वाभाविक ठरतो.

कॅशे: सर्वांना सारखीच दिसणारी माहिती काही काळ स्मृतीत ठेवली जाते. मानवतच्या कापसाचा दर एका मिनिटात हजार जणांनी पाहिला, तरी डेटाबेसला तो एकदाच विचारावा लागतो.

मोठा सर्व्हर: अधिक स्मृती आणि वेगवान डिस्क घेणे हा उपाय अनेकदा सर्वांत स्वस्त असतो, कारण त्यासाठी आज्ञावलीत बदल करावा लागत नाही.

वाचनासाठी प्रतिकृती: मूळ डेटाबेसच्या प्रती इतर सर्व्हरवर ठेवून वाचनाचा भार वाटला जातो. बदल प्रतीपर्यंत पोहोचण्यास काही क्षण लागतात. त्यामुळे ज्याने नुकतीच नोंद केली, त्याला ती मूळ डेटाबेसमधून दाखवावी लागते. अन्यथा नोंद गेलीच नाही असे समजून तो पुन्हा भरतो.

पार्टिशनिंग: एकाच सर्व्हरवर मोठा तक्ता वर्षानुसार किंवा महिन्यानुसार खंडांत विभागतात. जुना खंड एका झटक्यात वेगळा काढता येतो.

शार्डिंग: तक्त्याचे तुकडे वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवतात. ही सर्वांत अवघड पायरी होय, कारण दोन तुकड्यांतील माहिती जोडणे आणि दोन्हीकडे एकाच वेळी निश्चित बदल करणे कठीण होते.

विभाजनाचा निकष

शार्डिंगमध्ये कोणत्या निकषावर तुकडे पाडायचे, हा निर्णय दीर्घकाळ टिकणारा असतो. जिल्ह्यानुसार विभाजन समजण्यास सोपे आहे. महाभूलेख या संकेतस्थळावरही सातबारा पाहण्यासाठी राज्याच्या सहा महसूल विभागांपैकी एक निवडून मग जिल्हा, तालुका आणि गाव निवडण्याची पद्धत रूढ झाली. जमिनीचा गट एका गावातच असतो, त्यामुळे भौगोलिक निवड वापरकर्त्याला स्वाभाविक वाटते. मात्र पडद्यावरील अशा निवडीवरून आतील साठवणही तशीच विभागलेली आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

भौगोलिक निकषाचे दोन दोष असतात. पहिला, पुणे आणि परभणी यांचा भार सारखा नसतो. एक सर्व्हर गर्दीने थकतो आणि दुसरा रिकामा राहतो. दुसरा, १९९९ सारखे विभाजन झाल्यास नोंदी एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवाव्या लागतात. हे टाळण्यासाठी भौगोलिक स्थान आणि साठवणीचे स्थान यांच्यामध्ये एक नकाशातक्ता ठेवतात. कोणता घटक कोणत्या सर्व्हरवर आहे ते त्यात लिहिलेले असते आणि प्रशासकीय बदलाचा साठवणीवर आपोआप परिणाम होत नाही. सदस्यांच्या सूचनांसारख्या तक्त्यासाठी सदस्य क्रमांक हा अधिक समतोल निकष ठरतो.

माहिती अनेक यंत्रांवर विभागल्यावर आणखी एक मर्यादा लागू होते. यंत्रांमधील संपर्क तुटल्यास प्रणालीला एक तर उत्तर नाकारावे लागते किंवा कदाचित शिळे उत्तर द्यावे लागते. एरिक ब्रुअर यांनी २००० साली मांडलेले आणि २००२ साली सिद्ध झालेले हे तत्त्व कॅप प्रमेय म्हणून ओळखले जाते. दर दाखवताना काही मिनिटांपूर्वीचा आकडा वेळेसह दाखवणे चालू शकते. पैसे वळते करताना मात्र उत्तर नाकारणे अधिक सुरक्षित असते.

चालू संकेतस्थळातील बदल

संकेतस्थळ बंद न ठेवता रचना बदलण्यासाठी टप्प्याटप्प्याची पद्धत वापरतात. प्रथम जुन्या रकान्याशेजारी नवा रकाना जोडतात. नंतर काही काळ दोन्हीकडे लेखन करतात आणि त्याच काळात जुन्या नोंदी थोड्या थोड्या करून नव्या रकान्यात आणतात. दोन्हीकडील माहिती जुळल्याची खात्री झाल्यावर वाचन नव्या रकान्यातून सुरू होते. सर्वांत शेवटी जुना रकाना काढला जातो. या क्रमात शेवटच्या टप्प्यापर्यंत माघार घेणे शक्य असते. प्रत्येक बदलाची आज्ञावली क्रमांकासह जतन केल्यास रचनेचा इतिहासही उपलब्ध राहतो.

बॅकअप आणि गोपनीयता

प्रतिकृती म्हणजे बॅकअप नव्हे. मूळ डेटाबेसमध्ये चुकून पुसलेली नोंद प्रतिकृतीतूनही काही क्षणांत पुसली जाते. म्हणून माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, असा संकेत पाळला जातो. नियोजनात दोन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवतात: किती वेळाची माहिती गमावणे परवडेल, आणि सेवा किती वेळात पूर्ववत व्हावी. बॅकअपमधून माहिती प्रत्यक्ष परत आणून पाहिली नसेल, तर तो बॅकअप भरवशाचा मानला जात नाही.

भारतात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. आवश्यक तेवढीच वैयक्तिक माहिती घेणे आणि हेतू संपल्यावर ती काढून टाकणे, याचा विचार रचनेतच करावा लागतो. बाजारभाव पाहण्यासाठी आधार क्रमांकाची गरज नसते. तो साठवलाच नाही, तर त्याच्या गळतीचा धोकाही उरत नाही. इतिहास जपण्याचे तत्त्व आणि माहिती पुसण्याचा हक्क यांचा मेळ घालण्यासाठी वैयक्तिक तपशील वेगळ्या तक्त्यात ठेवतात, म्हणजे व्यक्तीचे नाव काढूनही दरांचा आणि दुरुस्त्यांचा इतिहास अबाधित राहतो.

अतिनियोजनाचे दोष

भविष्यातील वाढीच्या भीतीने सुरुवातीलाच अनेक सर्व्हर, अनेक प्रकारचे डेटाबेस आणि शार्डिंग उभारणे ही दोषपूर्ण नियोजनाचीच दुसरी बाजू आहे. अशा यंत्रणेची देखभाल करणारे मनुष्यबळ लहान संस्थेकडे नसते आणि प्रत्येक नव्या भागागणिक बिघाडाची एक जागा वाढते. वर दिलेल्या हिशेबानुसार राज्यभराच्या बाजारभावांची दहा वर्षांची माहितीही एका सर्व्हरवर मावते. सर्व्हर नंतर वाढवता येतात. न नोंदवलेली तारीख, पुसलेला जुना आकडा किंवा नावालाच ओळख मानून मिसळलेल्या नोंदी नंतर मिळवता येत नाहीत. यामुळे प्रारंभीचे श्रम यंत्रांच्या संख्येपेक्षा नोंदीच्या अचूकतेवर खर्च करणे अधिक फलदायी ठरते.